दस्तातील एक अट

नागपुरात घरजागेचा हक्क ज्या कागदावरून सिद्ध होतो त्यास आखीव पत्रिका म्हणतात. महालातील जुना वाडा असो, नझुलाच्या जमिनीवर उभा राहिलेला बंगला असो, किंवा नागपूर सुधार प्रन्यासाने पाडलेल्या भूखंडावर एखाद्या गिरणी कामगाराने आयुष्यभराच्या काटकसरीतून बांधलेल्या दोन खोल्या असोत, या पत्रिकेत नाव कोणाचे आहे यावर त्या घरातील वृद्ध मनुष्याचा अखेरचा काळ कसा जाईल हे पुष्कळ अंशी ठरून गेलेले असते. घरचा कर्ता पुरुष निवर्ततो. पत्नीचे आणि मुलांचे नाव वारस म्हणून चढते. काही वर्षांनी ‘आई, तुला आता या वयात कचेरीच्या कटकटी कशाला’ असे म्हणत मुलांपैकी कोणी तिला दुय्यम निबंधकाकडे घेऊन जातो. ती हक्कसोडपत्रावर सही करते. आणि ज्या घराच्या भिंती तिच्या डोळ्यांदेखत उभ्या राहिल्या त्या घरात, त्या दिवसापासून, ती दुसऱ्याच्या मर्जीने राहणारी व्यक्ती होते. सर्वच घरांत यातून अनर्थ ओढवतो असे मुळीच नाही. बहुसंख्य मुले आईवडिलांना मायेने सांभाळतात आणि त्यांच्यासाठी कोणत्याही अधिनियमाची गरज पडत नाही. परंतु जेथे माया आटते तेथे वृद्धांच्या हाती काय उरते, हा प्रश्न केवळ नीतीचा राहत नाही, तो हक्काचा होतो. आणि या हक्काची खरी परीक्षा न्यायाधिकरणापुढील सुनावणीत जितकी होते त्याहून अधिक, कितीतरी वर्षे आधी, तो दस्त लिहिला जात असताना होऊन गेलेली असते, असे माझे या विषयाच्या अभ्यासातून बनलेले मत आहे.

आपल्या समाजात मातापित्यांच्या सेवेचा महिमा पुरातन आहे, मात्र त्या सेवेची मागणी न्यायासनापुढे त्वरित करता यावी अशी सोय फार उशिरा झाली. धर्मशास्त्राने वृद्ध मातापित्यांचे पोषण हे पुत्राचे कर्तव्य मानले होते आणि ब्रिटिश अमदानीतील दिवाणी न्यायालयेही ते मानीत. तथापि दिवाणी दावा लावून तो निकालापर्यंत नेण्याइतके द्रव्य, बळ आणि आयुष्य सत्तरीतल्या माणसाजवळ क्वचितच असते. झटपट दाद देणारे जे कलम होते, ते १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ४८८ वे. त्यात पत्नी आणि अपत्ये यांच्या पोटगीची तरतूद होती. आईबापांचा उल्लेखच नव्हता. १९३६ साली नागपुरास स्वतंत्र उच्च न्यायालय लाभले आणि पुढे सिव्हिल लाईन्समधील त्या भव्य वास्तूत मध्यप्रांत व वऱ्हाडातील असंख्य कज्जांचे निवाडे झाले. परंतु त्या काळात उपाशी राहिलेल्या बापाने दंडाधिकाऱ्याकडे जाऊन मुलाकडून दरमहा काही रक्कम मागावी, अशी वाट कायद्यात नव्हती. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाने वृद्ध आणि दुर्बल मातापित्यांच्या निर्वाहाची जबाबदारी पुत्र व कन्या या दोघांवर टाकली, तीही हिंदूंपुरती आणि दिवाणी मार्गानेच. सर्वधर्मीय मातापित्यांना ती फौजदारी वाट मोकळी झाली ती १९७३ च्या नव्या संहितेतील १२५ व्या कलमाने, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाव शतकाने. तेथेही दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, आणि ती २००१ पर्यंत तशीच राहिली. आज हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आहे.

या १२५ व्या कलमाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा निवाडा महाराष्ट्रातून गेलेला आहे आणि तो आपल्याकडे जितका माहीत असावयास हवा तितका नाही. कल्याण येथील एका विवाहित डॉक्टर कन्येविरुद्ध तिच्या पित्याने तेथील दंडाधिकाऱ्यापुढे पोटगीचा अर्ज केला. कन्येची आई पूर्वीच वारली होती आणि पित्याने दुसरा विवाह केला होता. कन्येचा आक्षेप असा, की संहितेच्या इंग्रजी मजकुरात ‘त्याचे’ मातापिता असा पुल्लिंगी शब्द योजलेला आहे, तेव्हा जबाबदारी पुत्राची. कन्येची, त्यातही परघरी गेलेल्या कन्येची, नव्हे. दंडाधिकाऱ्याने आक्षेप फेटाळला, मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळला, आणि फेब्रुवारी १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो अमान्य करून विवाहित कन्येवरही, तिला स्वतंत्र व पुरेसे उत्पन्न असल्यास, मातापित्यांच्या पोटगीची जबाबदारी येते असे ठरविले. ज्यांना केवळ मुलीच आहेत अशा आईबापांचा विचार त्यामागे होता. ज्या समाजात ‘मुलीच्या घरचे पाणी पिऊ नये’ असे म्हणणारे लोक कालपरवापर्यंत होते, त्या समाजाच्या अंतःकरणाला या निवाड्याने जे सांगितले त्याचे मोल त्या पोटगीच्या रकमेहून पुष्कळ मोठे आहे असे मला वाटते. मुलीचा समान वारसा मान्य करताना तिची समान जबाबदारीही मान्य करणे हीच न्यायाची रीत होय.

तरीही पोटगी मागणारा बाप हा फौजदारी न्यायालयात पत्नीच्या आणि मुलांच्या अर्जांच्या गर्दीत कोठेतरी मागे उभा राहिलेला असे. ती उणीव भरून काढण्यासाठी संसदेने २००७ साली ‘आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम’ संमत केला. हिमाचल प्रदेशाने याच दिशेचा कायदा आधीच, २००१ साली, केला होता. महाराष्ट्रात केंद्राचा अधिनियम १ मार्च २००९ पासून अमलात आला आणि त्याखालील राज्याची नियमावली २०१० साली निघाली. या अधिनियमाने ६० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक भारतीय नागरिकास ज्येष्ठ नागरिक मानले. आईवडिलांच्या बाबतीत तर वयाचीही अट ठेवली नाही, आणि जन्मदाते, दत्तक घेणारे, सावत्र असे सर्व मातापिते त्यात सामावून घेतले. जबाबदार कोण, तर सज्ञान पुत्र, कन्या, नातू आणि नात. अपत्यहीन ज्येष्ठाच्या बाबतीत, ज्याच्या ताब्यात त्याची मिळकत आहे किंवा ज्यास ती वारसाने मिळावयाची आहे तो नातलग. अपत्यहीन काका-काकूंच्या मिळकतीवर डोळा ठेवून त्यांच्या औषधपाण्याकडे पाठ फिरविणाऱ्या पुतण्याला या व्याख्येने जे बांधून घेतले आहे, ते विधिमंडळांच्या शहाणपणाचे एक उत्तम उदाहरण समजावे.

अधिनियमाचे दुसरे वैशिष्ट्य असे की त्याने हा विषय न्यायालयातून उचलून महसुली कचेरीत आणला. निर्वाह न्यायाधिकरणाचा पीठासीन अधिकारी म्हणजे उपविभागीय अधिकारी. अर्थात नागपूर शहरातील अर्जदारास शहराच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे जावे लागते, तर काटोल, सावनेर, उमरेड, रामटेक या बाजूच्या अर्जदारास आपापल्या उपविभागात दाद मागता येते, आणि अपील जिल्हाधिकाऱ्यांच्या अपीलीय न्यायाधिकरणाकडे जाते. मुले पुण्यास, बंगळुरास वा परदेशी असली तरी त्यांच्या गावी जाण्याचे कारण नाही. आईवडील जेथे राहतात, किंवा शेवटी जेथे राहत होते, त्या जिल्ह्यातही अर्ज चालतो, आणि परदेशस्थ अपत्यावर समन्स बजावण्याची तरतूद अधिनियमातच आहे. समन्स बजावूनही जो मुद्दाम हजर होत नाही त्याच्या गैरहजेरीत निकाल देता येतो. सुनावणीपूर्वी न्यायाधिकरण प्रकरण तडजोडीसाठी समेट अधिकाऱ्याकडे पाठवू शकते, आणि अनेक घरांतील तेढ कायमची होण्याआधी तेथे निवळते. अर्ज चालू असतानाच अंतरिम निर्वाहभत्ता देता येतो. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत, आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी ३० दिवसांत, अर्जाचा निकाल लागावा असे अधिनियम म्हणतो. हुकूम होऊनही मुलाने रक्कम भरली नाही तर वसुलीचे वॉरंट निघते आणि तरीही थकबाकी राहिली तर प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. मात्र रक्कम देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो, आणि ही मुदत अनेक वृद्धांच्या ध्यानात नसल्याने हातची दाद निसटते.

वकिलाचा खर्च टाळण्यासाठी १७ व्या कलमाने या कार्यवाहीतून वकिलांना वगळले होते. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ साली वकिलांच्या अधिनियमाचा आधार घेऊन ही बंदी टिकत नाही असे ठरविले. माझ्या मते वृद्धाला वकील घेण्याची मोकळीक असावी, परंतु वकिलावाचून त्याचे अडू नये, हेच तत्त्व राखले पाहिजे. निर्वाह अधिकाऱ्याने अर्जदाराच्या वतीने उभे राहावे अशी सोय १८ व्या कलमात आहेच, आणि जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज लिहिण्यापासून साह्य मिळू शकते. या दोन दारांची माहिती नागपुरातील प्रत्येक ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या फलकावर लिहिलेली असली पाहिजे.

छळ म्हणजे मारहाण, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अपुरी आहे. कायद्याने ‘निर्वाह’ या संज्ञेत अन्न, वस्त्र, निवास आणि वैद्यकीय उपचार यांचा अंतर्भाव केला आहे, आणि यांपैकी एकही गोष्ट नाकारणे हे उपेक्षेचे लक्षण होय. निवृत्तिवेतनाचे पासबुक व एटीएम कार्ड मुलाच्या खिशात. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी मात्र बापाला बँकेत नेऊन आणायचे. चश्म्याची काच फुटून महिना लोटला तरी ती बदलावयाची नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ‘पुढच्या दिवाळीनंतर पाहू’ म्हणून ढकलत राहायची. पाहुणे आले की म्हाताऱ्या माणसाने बाहेरच्या खोलीत येऊ नये असे सुचवायचे. या गोष्टींची खूण अंगावर उमटत नाही, म्हणून त्यांची फिर्यादही होत नाही. केंद्र सरकारच्या पुढाकाराने २०१७-१८ साली वार्धक्याविषयी जी मोठी देशव्यापी पाहणी झाली, तीत ६० वर्षांवरील सुमारे ५ टक्के व्यक्तींनी मागील वर्षभरात दुर्वर्तन सोसल्याचे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज मात्र असा आहे की जगभरात घरी-समाजात राहणाऱ्या सहा वृद्धांमागे एकास वर्षभरात कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा छळ सोसावा लागतो. या दोन आकड्यांमधील अंतर आपल्या घरांच्या सौजन्याचे प्रमाणपत्र मानण्यास मी तयार नाही. ज्याच्या विरुद्ध सांगावयाचे तोच शेजारच्या खोलीत बसलेला असताना, आणि सायंकाळची भाकर त्याच्याच घरची असताना, परक्या माणसाच्या प्रश्नाला खरे उत्तर देणे आपल्या वृद्धांना जमत नाही. त्यांच्या मौनात भीतीइतकीच, स्वतःच्या लेकराची बेअब्रू होऊ न देण्याची माया असते.

सर्वस्वी टाकून देण्याच्या उद्देशाने ज्येष्ठ व्यक्तीस कोठेतरी सोडून जाणे हा मात्र २४ व्या कलमाखाली गुन्हा आहे. रेल्वेच्या फलाटावर, रुग्णालयाच्या आवारात, देवस्थानाच्या पायरीवर आईबापांना बसवून ‘आलोच’ म्हणत निघून जाणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या परवानगीवाचून तपास करता येतो, परंतु तो जामीनपात्रही आहे. एखाद्या जिवंत माणसास अशा रीतीने मृत्यूच्या स्वाधीन करण्याच्या कृत्याला तीन महिन्यांची कमाल शिक्षा फारच थोडी आहे. घरातच राहून छळ सोसणाऱ्या मातेस २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार अधिनियमाचाही आश्रय आहे. आणि मुंबईतील एका मातेने व कन्येने लढविलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये त्या अधिनियमातील ‘प्रौढ पुरुष’ ही मर्यादा काढून टाकल्यापासून सासूला छळणाऱ्या सुनेविरुद्धही तेथे दाद मागता येते.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे दस्ताकडे, वळतो. २००७ च्या अधिनियमातील २३ वे कलम हे माझ्या दृष्टीने त्याचे हृदय आहे. ते असे सांगते की, अधिनियम अमलात आल्यानंतर एखाद्या ज्येष्ठ नागरिकाने आपली मिळकत बक्षीसपत्राने वा अन्य प्रकारे दुसऱ्यास दिली, आणि ती घेणाऱ्याने देणाऱ्याच्या मूलभूत सुविधा व शारीरिक गरजा पुरवाव्यात अशी त्या हस्तांतरणाची अट असली, आणि घेणाऱ्याने ती पाळण्यास नकार दिला वा कसूर केली, तर ते हस्तांतरण कपटाने, जबरदस्तीने किंवा गैरवाजवी दडपणाने झाले असे मानले जाईल आणि देणाऱ्याची इच्छा असल्यास न्यायाधिकरण ते रद्द ठरवील. सामान्य कायद्यात बक्षीसपत्र एकदा नोंदले गेले की ते मागे घेणे जवळजवळ अशक्य असते आणि कपट सिद्ध करण्यास दिवाणी न्यायालयात वर्षे जातात; येथे ते कपट कायदाच गृहीत धरतो. वृद्धांच्या हाती याहून मोठे शस्त्र भारतीय कायद्याने दिलेले नाही. परंतु त्याची धार त्या एका शब्दावर, ‘अट’ या शब्दावर, अवलंबून आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हरियाणातील एका मातेचे प्रकरण निकालात निघाले. तिने आपल्या जमिनीवरील हक्क मुलींच्या नावे सोडून दिला होता आणि नंतर २३ व्या कलमाखाली तो दस्त रद्द करून मागितला होता. न्यायालयाने सांगितले की मुलांच्या नावे मिळकत करून देणारा मनुष्य सहसा प्रेमापोटी, कशाचीही अपेक्षा न ठेवता देतो. तेव्हा सांभाळ करण्याची अट होती हे दिसून आले पाहिजे, आणि ते येथे दिसत नाही. मातेचा अर्ज टिकला नाही. त्यानंतर २ जानेवारी २०२५ रोजी मध्य प्रदेशातील एका मातेचे प्रकरण आले. तिने २०१९ साली मुलाला घर बक्षीस दिले होते. परंतु त्याच दिवशी मुलाने एक वचनपत्रही लिहून दिले होते की तो अखेरपर्यंत आईवडिलांचा सांभाळ करील, आणि तसे न केल्यास आईला बक्षीसपत्र परत घेण्याचा अधिकार राहील. उपविभागीय दंडाधिकाऱ्याने बक्षीसपत्र रद्द केले, जिल्हाधिकाऱ्याने तो हुकूम कायम केला, उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशाने कायम केला आणि खंडपीठाने उलटविला. सर्वोच्च न्यायालयाने या कल्याणकारी कायद्याचा अर्थ उदारपणे लावला पाहिजे असे सांगून आईला मिळकत परत देवविली, आणि न्यायाधिकरणास ताबा देवविण्याचाही अधिकार आहे असे स्पष्ट केले. दोन माता, दोघींचा विश्वास सारखाच. एकीच्या हाती चार ओळींचा कागद होता, दुसरीच्या हाती नव्हता.

आणि येथे आपल्या राज्याची एक गोष्ट सांगणे मला अत्यंत निकडीचे वाटते. २०१५ पासून महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे यांना बक्षीस द्यावयाची झाल्यास मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार असल्यास तो निराळा. कुटुंबांना हा मोठाच दिलासा होता आणि तो योग्यही होता. परंतु त्यामुळे एक परिणाम असा झाला की, आयुष्याची कमाई एका दुपारी देऊन टाकणे पूर्वी कधी नव्हते इतके सोपे झाले. दस्तलेखकाकडे तयार नमुना असतो; त्यात ‘प्रेम व जिव्हाळ्यापोटी’ असे छापील शब्द असतात; आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ज्या निरपेक्ष प्रेमाचा उल्लेख करून मातेस माघारी पाठविले, तेच प्रेम त्या नमुन्यात वृद्धाच्या विरुद्ध पुरावा होऊन बसते. म्हणून प्रत्येक बक्षीसपत्रात आणि हक्कसोडपत्रात स्वतंत्र परिच्छेद घालून लिहून घ्यावे की, घेणारा देणाऱ्याच्या व त्याच्या जोडीदाराच्या हयातीपर्यंत त्यांच्या अन्नाची, वस्त्राची, याच घरातील निवासाची आणि औषधोपचाराची व्यवस्था करील. ही अट या हस्तांतरणाचा अविभाज्य भाग आहे. आणि ती मोडल्यास २३ व्या कलमान्वये हा दस्त रद्द करून घेण्याचा अधिकार देणाऱ्यास राहील. त्या घरात राहण्याचा हयातभराचा हक्कही स्पष्ट राखून ठेवावा. आणि शक्य असेल तर बक्षीसपत्र करूच नये. मृत्युपत्र करावे, जे हयातीत केव्हाही बदलता येते. मुलावर अविश्वास दाखविल्यासारखे होईल, या संकोचाने हे शब्द गाळले जातात. ज्या मुलाला आईवडिलांना सांभाळावयाचेच आहे त्याचे या अटीने काहीही जात नाही. ज्याचा चेहरा ती अट वाचून उतरतो, त्याच्या नावे दस्त नोंदण्यापूर्वी एक महिना थांबणे शहाणपणाचे. १ मार्च २००९ पूर्वी महाराष्ट्रात झालेल्या हस्तांतरणांना मात्र या कलमाचा लाभ नाही.

ज्यांनी मिळकत अद्याप दिलेली नाही, परंतु ज्यांच्या स्वतःच्या घरात मुलगा बळजबरीने राहून त्यांनाच जाच करतो, त्यांची स्थिती निराळी. अशा मुलास घराबाहेर काढण्याचा अधिकार न्यायाधिकरणास अधिनियमाने स्पष्ट शब्दांत दिलेला नाही. तथापि निर्वाह व संरक्षण यांसाठी आवश्यक असेल तर तसा हुकूम करता येतो, हे न्यायालयांनी मान्य केले आहे. मुंबईतील ८० वर्षांच्या एका वृद्धाने अशा हुकुमासाठी केलेला अर्ज या दृष्टीने अभ्यसनीय आहे. न्यायाधिकरणाने मुलास जागा खाली करण्याचा आणि दरमहा ३,००० रुपये देण्याचा हुकूम केला; मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण मुलगाही दरम्यान साठीचा होऊन ज्येष्ठ नागरिक झाला होता! सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्ज केला त्या दिवशीचे वय पाहावयाचे असे सांगितले, त्या दिवशी मुलगा ५९ वर्षांचा होता, आणि पित्यास न्याय दिला.

या अधिकाराचा एक धोकाही सांगितला पाहिजे. नवराबायकोत बेबनाव झाला की सासूसासऱ्यांच्या नावे अर्ज घालून सुनेला बेदखल करण्याचा मार्ग काही घरांनी शोधून काढला. डिसेंबर २०२० मध्ये बंगळुरातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की कौटुंबिक हिंसाचार अधिनियमाने स्त्रीस दिलेला सामायिक घरातील निवासाचा हक्क ज्येष्ठांच्या कायद्याने आपोआप पुसला जात नाही. दोन्ही कायदे एकत्र वाचूनच निर्णय केला पाहिजे. हा निवाडा मला सर्वस्वी न्याय्य वाटतो. वृद्धांच्या रक्षणाचे शस्त्र दुसऱ्या दुर्बलावर चालविण्यासाठी दिलेले नाही.

परंतु जो वृद्ध अर्जच करीत नाही त्याचे काय? अधिनियमाने त्याचाही विचार केला आहे. ज्येष्ठ स्वतः असमर्थ असल्यास त्याने अधिकार दिलेली कोणतीही व्यक्ती वा नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था अर्ज करू शकते, आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतील, विशेषतः एकट्या राहणाऱ्या, ज्येष्ठांची यादी ठेवावी आणि महिन्यातून निदान एकदा त्यांची भेट घ्यावी, अशी नियमांची अपेक्षा आहे. १४५६७ हा राष्ट्रीय ज्येष्ठ साह्य दूरध्वनी क्रमांक निःशुल्क आहे. शेजारी, औषधांच्या दुकानातील मनुष्य, बँकेच्या खिडकीमागचा कारकून, घरी येणारी परिचारिका यांच्या दृष्टीस जे पडते ते मुलाच्या दृष्टीआड असते. त्यांनी हा क्रमांक फिरविणे ही परक्याच्या घरात ढवळाढवळ नव्हे. २०२० च्या अखेरीस लातूर जिल्हा परिषदेने आईवडिलांची हेळसांड करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वेतनातून ३० टक्के रक्कम कापून ती मातापित्यांच्या खात्यात भरण्याचा निर्णय घेतला. आसामने तर २०१७ साली सरकारी नोकरांसाठी असा कायदाच केला. गावातल्या गावात सर्वांस ठाऊक असलेली उपेक्षा कचेरीने आपला विषय मानली, हे लातूरच्या निर्णयाचे महत्त्व, आणि विदर्भातील जिल्हा परिषदांनीही त्याचे अनुकरण करावे असे मला मनापासून वाटते.

ज्यांना घरच उरले नाही त्यांच्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम असावा असे १९ वे कलम म्हणते, मात्र राज्यावर ते सक्तीचे करीत नाही. आणि माजी केंद्रीय कायदामंत्री अश्विनी कुमार यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०१८ मध्ये सर्व राज्यांकडून वृद्धाश्रमांची जिल्हावार माहिती गोळा करण्याचा आदेश द्यावा लागला. नागपुरात हे कार्य समाजाने कायद्याच्या कितीतरी आधी हाती घेतले होते. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ साली स्थापिलेला मातृसेवा संघ प्रसूतिगृहांसाठी ख्यात झाला, आणि जन्माच्या वेळी आधार देणाऱ्या त्याच संस्थेने पुढे वृद्धांसाठी पंचवटी वृद्धाश्रमही चालविला.

अधिनियमातील सर्वांत ठळक उणीव निर्वाहभत्त्याच्या मर्यादेची आहे. २००७ साली संसदेने दरमहा १०,००० रुपयांहून अधिक रक्कम ठरविण्यास राज्यांना मनाई केली. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकाने ही मर्यादा काढून टाकली असती, आणि सून व जावई यांनाही जबाबदार धरले असते. ते स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवाल आला, आणि २०२४ साली सतराव्या लोकसभेबरोबर विधेयकही संपले. डायलिसिसचा, हृदयाच्या औषधांचा, रात्रंदिवस लागणाऱ्या परिचारिकेचा खर्च २००७ पासून कितीतरी पटींनी वाढला आहे. पण आजही सिव्हिल लाईन्समधील कचेरीत किंवा काटोलच्या उपविभागीय अधिकाऱ्यापुढे उभ्या राहणाऱ्या मातेस, तिचा मुलगा दरमहा लाखो रुपये मिळवीत असला तरी, या अधिनियमाखाली १०,००० रुपयांच्या वर एक रुपयाचाही निर्वाहभत्ता मिळू शकत नाही.